झरोक्यातला उजेड: एका बंद तुरुंगाचे फोटो काढताना

फिलाडेल्फियाला आलेला आपला माणूस सहसा तीन गोष्टी करतो. लिबर्टी बेलसाठी रांग लावतो, आर्ट म्युझियमच्या पायऱ्या 'रॉकी'सारख्या धावत चढून हात उंचावून फोटो काढतो आणि परत जाताना एडिसनला थांबून पोटभर जेवतो. यात काही गैर नाही, मीही हे सगळं केलंय :) पण त्याच पायऱ्यांपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर, फेअरमाउंट ॲव्हेन्यूवर एक दगडी किल्ला उभा आहे. ३० फूट उंच भिंती, बुरूज, बाण मारायच्या फटींसारख्या अरुंद खिडक्या... युरोपातून उचलून आणून ठेवलाय असं वाटावं. पण हा किल्ला नव्हेच. हा ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी नावाचा तुरुंग. १८२९ साली उघडला, १९७१ साली कायमचा बंद झाला, आणि आज पडझडीच्या अवस्थेतच जपून ठेवलाय.

गेल्या काही वर्षांत मी तिथे चार वेळा कॅमेरा घेऊन गेलोय. फोटो बघून ऑफिसातल्या दोघा-तिघांनी विचारलं, 'सेटिंग काय ठेवलं होतंस?' तर हा लेख त्यांच्यासाठी, आणि ज्यांना जुन्या पडक्या वास्तूंचे फोटो काढायची खाज आहे अशा सगळ्यांसाठी. सेटिंग सांगतोच. पण आधी थोडा इतिहास सांगणार आहे आणि तो गाळून खाली उडी मारू नका, कारण या इमारतीत उजेड कुठून यावा, किती यावा आणि कोणावर पडावा हे कोणीतरी विचार करून ठरवलेलं आहे. आपण ज्या उजेडाचे फोटो काढायला जातो तो उजेड शिक्षेचा भाग होता. हे माहीत असलं की फोटो वेगळे येतात. निदान माझे तरी आले.

पश्चात्तापाचं यंत्र

अठराव्या शतकातले तुरुंग म्हणजे कोंडवाडे होते. बायका, पुरुष, पोरं, दरोडेखोर आणि चार पैशांचं कर्ज न फेडलेला गरीब, सगळे एकाच खोलीत. तुरुंगाधिकारी आतल्या आत दारू विकायचे. हे बदलायला हवं म्हणून १७८७ साली फिलाडेल्फियात काही भल्या माणसांनी एक संस्था काढली. बेंजामिन फ्रँकलिनच्या घरी तिची बैठक झाल्याचं सांगतात. डॉ. बेंजामिन रश, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे तेच, यात पुढे होते. शहरावर क्वेकर पंथाचा मोठा प्रभाव. क्वेकरांची श्रद्धा अशी की प्रत्येक माणसाच्या आत ईश्वरी प्रकाश असतो. मग गुन्हेगारातही तो असणार. फक्त वाईट संगत आणि कोलाहल बाजूला केला पाहिजे, की माणूस स्वतःशी बोलेल, त्याला पश्चात्ताप होईल आणि तो सुधारेल. 'पेनिटेन्शरी' या शब्दाच्या मुळाशी 'पेनिटन्स', म्हणजे पश्चात्तापच आहे.

ऐकायला किती छान वाटतं ना? फटके नाहीत, फाशी नाही, बेड्या नाहीत. फक्त एकांत.

जॉन हॅविलँड नावाच्या, मूळच्या इंग्लंडमधल्या आर्किटेक्टने ही कल्पना दगडात उतरवली. गावाबाहेर चेरीच्या बागेच्या जागी १८२२ मध्ये काम सुरू झालं, १८२९ मध्ये पहिला कैदी आला आणि बांधकाम १८३६ पर्यंत चाललं. खर्च जवळपास ७ लाख ८० हजार डॉलर, त्या काळातल्या अमेरिकेतल्या सगळ्यात महाग इमारतींपैकी एक. मधोमध एक गोल खोली आणि तिच्यातून चाकाच्या आऱ्यांसारखे निघालेले सात लांबच लांब ब्लॉक. दर कोठडीत नळाचं पाणी, फ्लशचा संडास, गरम हवेची सोय. आणि हे अशा काळात की व्हाइट हाऊसमध्ये नळाचं पाणी १८३३ मध्ये आलं!

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे सगळं एखाद्या रिक्वायरमेंट डॉक्युमेंटसारखं दिसतं. कैद्याने दुसऱ्या कैद्याला बघू नये. दुसऱ्याचा आवाज ऐकू नये. दुसऱ्याला त्याचं नाव कळू नये. मग डिझाइन काय? नावाऐवजी नंबर. कोठडीबाहेर काढायचं तर डोक्यावरून बुरखा. पहारेकऱ्यांच्या बुटांवर कापड, म्हणजे पावलं वाजू नयेत. प्रत्येक कोठडीला मागे स्वतःचं छोटंसं, उंच भिंतींचं अंगण. दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास तिथे जायचं, आणि शेजारच्या अंगणातला माणूस त्याच वेळी बाहेर येणार नाही याची काळजी घ्यायची. पाण्याची, हवेची सोय सुद्धा मुख्यतः यासाठीच की कोणाला कोठडीबाहेर पडायची गरजच लागू नये. म्हणजे आपण ज्याला सुखसोय म्हणू ती इथे कुलपाचं काम करत होती.

डिझाइनमध्ये एकही चूक नव्हती हो. चूक रिक्वायरमेंटमध्येच होती.

शब्दांनी काढलेला फोटो

२५ ऑक्टोबर १८२९ रोजी इथे पहिला कैदी दाखल झाला. नाव चार्ल्स विल्यम्स, वय १८, शेतीकाम करणारा कृष्णवर्णीय तरुण. गुन्हा घरफोडीचा: एक २० डॉलरचं घड्याळ, ३ डॉलरचा सोन्याचा शिक्का आणि एक सोन्याची किल्ली. शिक्षा दोन वर्षं. दाखल करताना त्याचं वर्णन लिहून ठेवलंय: उंची ५ फूट ७ इंच, नाकावर व्रण, मांडीवर व्रण, रुंद तोंड, काळे डोळे, वाचता येतं. पावलाची लांबी सुद्धा मोजून लिहिलीय.

एवढं का लिहिलं असेल? कारण फोटो नव्हते! फोटोग्राफीचा शोध जगासमोर आला तो १८३९ मध्ये. आणि योगायोग बघा, त्याच वर्षी याच फिलाडेल्फिया शहरात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या माणसाने कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःचाच फोटो काढला. अमेरिकेतला हा सगळ्यात जुना, आजही टिकून असलेला 'सेल्फी' मानतात. विस्कटलेले केस, थोडीशी तिरकी नजर, अगदी कालचा वाटतो. म्हणजे शहराच्या एका भागात एक माणूस आपला चेहरा जगासाठी कायमचा उमटवत होता, आणि थोड्याच अंतरावर शेकडो माणसं बुरख्यात ये-जा करत होती, जेणेकरून त्यांचा चेहरा कोणालाच दिसू नये.

ईस्टर्न स्टेटमध्ये कॅमेरा उचलताना मला हे दरवेळी आठवतं. तर आता चला आत.

१. बाहेरचा दर्शनी भाग आधी

बरेच जण तिकीट काढून थेट आत पळतात. पाच मिनिटं रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर थांबा. हॅविलँडने हा दर्शनी भाग मुद्दाम गॉथिक किल्ल्यासारखा केला, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. त्या खिडक्यांसारख्या फटी निव्वळ देखाव्याच्या आहेत. जवळ उभं राहून मोबाईलच्या वाइड लेन्सने वर बघत फोटो काढला तर बुरूज मागे कलंडल्यासारखे दिसतात. त्यापेक्षा लांब जा, कॅमेरा सरळ धरा आणि एक माणूस भिंतीशेजारून जाईपर्यंत वाट बघा. माणूस फ्रेममध्ये आला की ३० फूट म्हणजे किती ते कळतं.

२. मधली गोल खोली

इथे उभं राहून जागच्या जागी फिरलं की मूळचे सातही ब्लॉक एकेक करून दिसतात. बरेच जण याला बेंथमचं 'पॅनॉप्टिकॉन' म्हणतात, पण फरक आहे. बेंथमच्या कल्पनेत मधला पहारेकरी प्रत्येक कोठडीच्या आत बघू शकतो. इथल्या पहारेकऱ्याला फक्त कॉरिडॉर दिसायचे. कोठडीत काय चाललंय ते नाही. इथला भर नजरेपेक्षा एकटेपणावर होता.

फोटोच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक ब्लॉकचं तोंड वेगळ्या दिशेला. त्यामुळे एकाच वेळी एका कॉरिडॉरमध्ये लख्ख ऊन आणि दुसऱ्यात निळसर सावली असते. सकाळी उघडल्या उघडल्या जा, आधी इथे येऊन सगळीकडे नजर टाका, आणि मग उजेड जिथे चांगला तिथून सुरुवात करा. दुपारी परत या, क्रम उलटा झालेला असेल.

३. सातवा ब्लॉक

हा तो नेहमीचा फोटो, जो तुम्ही कुठेतरी नक्की पाहिला असेल. दोन मजले, वर अर्धगोल कमानीचं छत, छतात ओळीने झरोके, आणि शेवटपर्यंत निमुळता होत गेलेला कॉरिडॉर. चर्चसारखा दिसतो, आणि तसाच दिसावा हीच अपेक्षा होती. हा फोटो जरूर काढा, लाजू नका. बरोबर मधोमध उभे राहा, कॅमेरा छातीच्या उंचीवर, एफ/८, आयएसओ ८०० ते १६००, आणि एक्स्पोजर झरोक्यांसाठी लावा. सावल्या नंतर कॉम्प्युटरवर उजळता येतात, पण जळालेला पांढरा झरोका कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. रॉ फॉरमॅटमध्येच काढा. मोबाईल असेल तर झरोक्यावर बोट टेकवा आणि एक्स्पोजर खाली ओढा. ट्रायपॉडबद्दल जायच्या आधी तिथले नियम बघून घ्या. नसला तरी दाराच्या चौकटीला खांदा टेकवून १/३० पर्यंत आरामात जमतं.

फ्लॅश? बॅगेतच ठेवा. फ्लॅश मारला की इथला अडीच लाख ट्रिपवाल्यांसारखा एक सपाट फोटो मिळतो, आणि ज्या उजेडासाठी आलो तोच जातो.

४. दार

कोठड्यांची दारं बुटकी आहेत. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. सगळ्यात जुन्या ब्लॉकमध्ये तर सुरुवातीला कॉरिडॉरच्या बाजूला दारच नव्हतं. होती फक्त जेवण सरकवायची एक फट. कैदी आत जायचा तो मागच्या अंगणातून. नुसत्या दाराचा फोटो काढला तर त्याचा बुटकेपणा कळत नाही. बरोबरच्या मित्राला आत जायला सांगा आणि तो वाकल्याच्या क्षणी क्लिक करा. चेहरा नको, फक्त वाकलेली पाठ.

५. कोठडी, आणि वाइड लेन्सचा खोटेपणा

हा मुद्दा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. कोठडी साधारण ८ फूट बाय १२ फूट. आपल्याकडच्या वन-रूम-किचनमधल्या किचनपेक्षा थोडी मोठी. छोटी जागा बघितली की आपला हात आपोआप अल्ट्रा-वाइडकडे जातो, सगळं एका फ्रेममध्ये बसावं म्हणून. बसतं सुद्धा. पण मग ती कोठडी हॉलसारखी ऐसपैस दिसते! प्रॉपर्टीच्या जाहिरातीत नाही का दहा बाय दहाची बेडरूम महालासारखी दिसते, तोच प्रकार. इथे तो फोटो चक्क खोटं बोलतो.

त्याऐवजी ३५ किंवा ५० एमएम लावा. भिंती कापल्या जातील, जाऊ देत. जागा पुरत नाही हेच तर दाखवायचंय.

आणि नंतर एक करा. जिथे आत जायला परवानगी आहे अशा एखाद्या कोठडीत भिंतीला न टेकता खाली बसा आणि वर बघा. छतात एक अरुंद झरोका. लोक याला 'देवाचा डोळा' म्हणतात. कैद्याला बाहेरचं जग म्हणजे एवढंच. उजेडाचा एक तुकडा भिंतीवरून सरकत जातो. अर्धा तास बसलात तर तो सरकताना दिसतो. घड्याळ चोरल्याबद्दल आत आलेल्या चार्ल्स विल्यम्सचं इथलं घड्याळ म्हणजे हाच तुकडा असणार. त्याचे दर दहा मिनिटांनी, जागा न बदलता, तीन-चार फोटो काढा आणि शेजारी शेजारी लावा. माझ्या सगळ्या फोटोंमध्ये मला स्वतःला आवडतात ते हेच.

६. रंग

ईस्टर्न स्टेट म्हटलं की लोकांना आठवतात ते भिंतींवरचे सोललेले रंग. हिरवा, फिका निळा, मधूनच गुलाबीसर. ५० एमएम किंवा मॅक्रो लेन्स, बाजूने पडणारा उजेड आणि ढगाळ दिवस, बास. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, कारण झरोक्यातला निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा एकत्र आला की कॅमेरा गोंधळतो. हात मात्र लावू नका. एक तर भिंत ठिसूळ असते, आणि जुन्या रंगांत शिसं असू शकतं.

पण रंगांची इथली खरी गोष्ट वेगळीच आहे. मार्च १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स हा तुरुंग बघायला आला. अमेरिकेत बघायच्या त्याच्या यादीत नायगारा होता आणि हा तुरुंग होता. इथे त्याला चोरीच्या गुन्ह्यात पाच वर्षांची शिक्षा झालेला एक जर्मन कैदी भेटला, चार्ल्स लँगनहायमर. या माणसाने विणकामाच्या सुतातून रंग काढून आपल्या कोठडीच्या भिंती आणि छत इंच न् इंच रंगवलं होतं. अंगणातल्या टीचभर मातीत छोटीशी बाग केली होती. आणि इतकी सुंदर खोली केलेला हा माणूस डिकन्सला पार खचलेला, रडवेला दिसला. परत गेल्यावर डिकन्सने लिहिलं, की अशा तुरुंगातला मेंदूवरचा हा हळूहळू चालणारा अत्याचार शरीरावरच्या कुठल्याही छळापेक्षा भयंकर आहे, आणि त्याचे व्रण दिसत नाहीत म्हणून तर तो जास्तच वाईट. तुरुंग चालवणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण आपण नक्की काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं, असंही त्याचं म्हणणं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ही म्हण मला इथे फार आठवते.

७. 'सुंदर' पडझडीचं काय करायचं

१९७१ मध्ये तुरुंग रिकामा झाला आणि निसर्गाने ताबा घेतला. छतं फुटली, कोठड्यांमध्ये झाडं उगवली, मांजरांनी संसार थाटले. १९८० मध्ये शहराने ही जागा विकत घेतली. ती पाडून किंवा बदलून काहीतरी फायद्याचं उभारायचा विचार होता. इतिहासकार, आर्किटेक्ट आणि काही नागरिक पाठीमागे लागले आणि १९८८ मध्ये महापौरांनी तो बेत थांबवला. १९९४ पासून लोकांसाठी रोजच्या फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हा डोक्यावर हेल्मेट घालून फिरावं लागे. सगळं नव्यासारखं करायचं नाही आणि पडूही द्यायचं नाही, आहे त्या पडझडीत टेकू देऊन उभं ठेवायचं, असं धोरण ठरलं.

त्यामुळे इथे फोटोसाठी 'रेडिमेड' दृश्यं पुष्कळ. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे दहाव्या ब्लॉकमधली केस कापायची जुनी खुर्ची, भोवती छताचा पडलेला गिलावा. फोटो मस्त येतो. पण फोटो बघणाऱ्याला वाटतं की इथे खुर्चीत बसवून काहीतरी अघोरी करत असावेत, आणि काढणाराही त्याला तसंच वाटू देतो. ती न्हाव्याची खुर्ची आहे. तसं लिहा. खरं अघोरी प्रकरण इथे घडलंच नाही असं नाही. १८३३ मध्ये मथायस मॅकम्सी नावाच्या कैद्याला बोलल्याबद्दल शिक्षा म्हणून तोंडात लोखंडी लगाम घालून तो मागे बांधलेल्या हातांना साखळीने जोडला, आणि त्यात तो मेला. पुढच्या वर्षी त्याची सरकारी चौकशी झाली. फटके नसलेला तुरुंग उघडून तेव्हा पाचच वर्षं झाली होती. या प्रसंगाचा फोटो काढता येईल अशी एकही जागा मला तिथे सापडली नाही. आणि जे सगळ्यात जास्त फोटोजेनिक, त्याचा बऱ्याचदा कशाशीच संबंध नसतो.

अल कपोनच्या कोठडीचंही असंच. तो १९२९-३० मध्ये इथे साधारण आठ महिने होता. त्याच्या कोठडीत गालिचा, टेबललॅम्प, रेडिओ वगैरे थाट असल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं. आज तिथे त्याची मांडणी करून ठेवलीय आणि सतत गर्दी असते. काढा एखादा फोटो. पण शेजारच्या रिकाम्या कोठडीचा एक त्याच अँगलने काढा. १४२ वर्षांत इथे सुमारे ७५ हजार माणसं राहिली, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला ती शेजारची कोठडी आली.

इथून कुठे कुठे

या तुरुंगाची ख्याती जगभर पसरली. १८३१ मध्ये फ्रान्सहून तॉकव्हिल आणि बोमाँ ही जोडी मुद्दाम आली आणि कैद्यांशी एकेकट्याने बोलली. इंग्लंडने आपला माणूस पाठवला, आणि १८४२ मध्ये लंडनला पेंटनव्हिल तुरुंग उभा राहिला. या धर्तीवर जगात सुमारे ३०० तुरुंग बांधले गेले असं सांगतात. गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेत ही पद्धत फारशी चालली नाही. न्यूयॉर्कच्या ऑबर्न तुरुंगात कैद्यांकडून दिवसा एकत्र, पण मुकाट्याने काम करून घेत. ते स्वस्त पडायचं, म्हणून तेच जिंकलं.

आणि आता जरा आपल्याकडे. पोर्ट ब्लेअरचं सेल्युलर जेल डोळ्यासमोर आणा. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेलं, मधे मनोरा, त्यातून निघालेल्या सात शाखा, दर माणसाला वेगळी कोठडी (म्हणून तर नाव 'सेल्युलर'), भिंतीत उंचावर एक झरोका. एका शाखेच्या कोठड्यांची तोंडं दुसऱ्या शाखेच्या पाठीकडे, म्हणजे कोणी कोणाला दिसू नये. बाबाराव आणि तात्याराव सावरकर हे सख्खे भाऊ याच इमारतीत वर्षानुवर्षं होते. फिलाडेल्फियातल्या मधल्या खोलीत पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मला शाळेच्या पुस्तकातलं अंदमानचं चित्र आठवलं होतं. घराणं एकच. फक्त फिलाडेल्फियात निदान पश्चात्तापाची भाषा होती. अंदमानपर्यंत पोचेस्तोवर ती गळून पडली आणि उरला कोलू. डिझाइन मात्र जसंच्या तसं चाललं. चांगल्या हेतूने बनवलेलं काहीतरी दुसऱ्या कोणीतरी कॉपी करताना हेतू कॉपी होत नाही, हे आमच्या धंद्यातल्या लोकांनी तरी लक्षात ठेवावं.

सेल्युलर जेलच्या सातपैकी आज तीनच शाखा उरल्यात. तिथे गेलात तर वर लिहिलेलं सगळं तिथेही लागू पडतं, विशेषतः वाइड लेन्सबद्दलचं.

हे सगळं संपलंय का?

ईस्टर्न स्टेटने एकांताची पद्धत अधिकृतपणे १९१३ मध्ये सोडली. ती त्याआधीच मोडकळीला आली होती, कारण कोठड्या कमी आणि माणसं जास्त. १९२०च्या दशकात इथे सुमारे १,७०० जण कोंबलेले होते. १८९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मेडली खटल्यात अशा एकांताचा अनुभव नोंदवला: थोड्या काळातच अनेक कैदी भ्रमिष्ट झाले, काहींनी जीव दिला, आणि जे टिकले ते समाजाच्या उपयोगाचे राहिले नाहीत.

१८९० हो! आणि तरीही अमेरिकेतल्या तुरुंगांत आजही हजारो लोक एकांतकोठडीत आहेत. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने 'मंडेला नियम' मान्य केले, त्यात १५ दिवसांपेक्षा जास्त सलग एकांत वर्ज्य मानलाय. चार्ल्स विल्यम्सची शिक्षा दोन वर्षांची होती.

तुरुंगाच्या आवारात २०१४ पासून १६ फूट उंच पोलादी आलेख उभा आहे, अमेरिकेतल्या कैद्यांच्या प्रमाणाचा. १९७० नंतरचे खांब असे उंच होत जातात की मान वर करावी लागते. आज या देशात २० लाखांच्या आसपास माणसं गजाआड आहेत. बहुतेक फोटोग्राफर हा आलेख टाळतात, कारण तो जुनापुराणा दिसत नाही, 'मूड' बिघडवतो. मी म्हणेन की जरूर काढा, आणि मागे तुरुंगाची भिंत येईल असा काढा.

घरी आल्यावर

प्रोसेसिंगबद्दल दोनच गोष्टी. एचडीआर बेताने. सगळ्या सावल्या उजळून टाकल्या की कोठडी प्रदर्शनातल्या दालनासारखी दिसते. तिथे अंधार होता, तो अंधारच राहू द्या. आणि कृष्णधवल करायचा मोह झाला तर लँगनहायमरला आठवा. त्या माणसाने सुतातून रंग पिळून काढले होते!

दुसरं म्हणजे फोटोखाली ओळ लिहा. 'भयाण', 'भुताटकी', 'वेळ थांबलेली जागा' असलं काही नको. ब्लॉक कुठला, वस्तू काय, आणि माहीत असेल तर साल. कोणत्याही पडक्या तुरुंगाला हे लागू आहे. फोटोत माणसं नसतात, म्हणून बघणारा पटकन विसरतो की जागा माणसांसाठी बांधली होती. एवढी एक ओळ त्याला ते सांगते.

असो, बरंच लांबलं. जायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च उत्तम, गर्दी कमी आणि सूर्य खाली असल्यामुळे उजेड तिरका. पण आत हाडं गोठवणारी थंडी असते, तेव्हा जॅकेट आणि जाड तळव्याचे बूट विसरू नका. स्टीव्ह बुशेमीच्या आवाजातली ऑडिओ टूर आधी एकदा पूर्ण ऐका, कॅमेरा न काढता. त्यात इथे राहिलेल्या कैद्यांचे आणि पहारेकऱ्यांचे खरे आवाज आहेत. मग दुसरी फेरी मारा, कॅमेऱ्यासकट.